भाकरीच्या थापेवर कापलेली सुरुवात : एका विद्यार्थी लघुपटाच्या ध्वनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यातल्या एका महाविद्यालयात मी माध्यम शाखेच्या शेवटच्या वर्षाला ध्वनी शिकवते. दरवर्षी पाच-सहा गट लघुपट करतात आणि दरवर्षी आवाजाचं काम सगळ्यात शेवटी येतं. चित्रीकरण झालं, कापाकापी झाली, रंग झाले, की मग कुणीतरी म्हणतं, "मॅडम, आता फक्त म्युझिक टाकायचं राहिलंय." या "फक्त"मधूनच हे प्रकरण सुरू झालं. यातल्या मुलांची, गावाची आणि महाविद्यालयाची नावं मी गाळली आहेत. बाकी घडलं तसं लिहिते आहे.

लघुपट वीस मिनिटांचा. गोष्ट नवी मुंबईतल्या एका गावठाणातली. नवी मुंबई उभारणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७०ची. नवं शहर वसवण्यासाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यांपैकी हे एक गाव. आज चारी बाजूंनी टॉवर, मधे दाटीवाटीची घरं, आणि पलीकडून ठाणे-वाशी लोकल जाते. दिग्दर्शन करणारी मुलगी याच गावातली, आगरी घरातली. गोष्टीतली नायिका पहाटे घर सोडून ठाण्याला पहिल्या नोकरीवर निघते, एवढ्यावर सुरुवातीचा प्रसंग उभा होता. त्यात संवाद एकही नव्हता. खाडीकाठचा अंधार, चूल-गॅसजवळची आजी, परातीत भाकरी, अरुंद बोळ, स्टेशनचा जिना, येणारी गाडी आणि गाडीवर चित्रपटाचं नाव. एकूण १ मिनिट ५२ सेकंद. आजीचं काम दिग्दर्शिकेच्या खऱ्या आजीनंच केलं होतं.

गटात पाच जण होते. दिग्दर्शिका, कॅमेरा आणि रंग सांभाळणारा मुलगा, संकलक, ध्वनी बघणारी मुलगी आणि संगीत देणारा मुलगा. हा शेवटचा मुलगा तबला शिकलेला, कीबोर्ड चांगला वाजवणारा. आंतरमहाविद्यालयीन महोत्सवात चित्रपट द्यायला सतरा दिवस उरले होते. ध्वनीसाठी हातात चार हजार रुपये होते.

अडचण

मला सुरुवात दाखवली तेव्हा ती एका गाजलेल्या वाद्यसंगीताच्या तुकड्यावर कापलेली होती. सुंदर दिसत होती, हे आधी मान्य करायला हवं. प्रत्येक कट ठेक्यावर पडत होता आणि गाडीची बत्ती बरोबर व्हायोलिनच्या चढाला येत होती. संकलकानं तो तुकडा "तात्पुरता" म्हणून लावला होता. या धंद्यात त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. पण महिनाभर तो ऐकून ऐकून गटातल्या कुणालाही त्याच्याशिवाय हा प्रसंग दिसेनासा झाला होता.

महोत्सवाच्या अर्जात मात्र एक ओळ होती : वापरलेल्या सर्व संगीताचे हक्क आपल्याकडे असल्याचं लेखी द्या.

मुलांचं पहिलं म्हणणं, "मॅडम, तीस सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर चालतं ना?" हा समज इतका पक्का बसलेला आहे की मी दरवर्षी तो खोडते. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तीस सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही. दुसरं म्हणणं जास्त विचार करायला लावणारं होतं : हे तर शिक्षणासाठी आहे. कलम ५२मध्ये शिक्षणसंस्थेसाठी सवलती आहेत, हे खरं. संस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण दाखवता-ऐकवता येतं, पण प्रेक्षक त्या संस्थेचे शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंध असलेली माणसं एवढेच असतील तर. महोत्सवाला बाहेरचे लोक येतात. त्यानंतर मुलं चित्रपट इंटरनेटवर टाकणार, हे तर ठरलेलंच होतं. तिथे ही सवलत उपयोगाची नाही.

खरी अडचण मात्र कायद्यापलीकडची होती. मी संकलकाला म्हटलं, आवाज पूर्ण बंद कर आणि सुरुवात मुकी दाखव. दाखवली. मग टाइमलाइन उघडून आम्ही कट मोजले. टेम्प ट्रॅकची लय मिनिटाला १०० ठोके होती. चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं. म्हणजे एक ठोका ०.६ सेकंदाचा, बरोबर १५ फ्रेमचा, आणि चार ठोक्यांचं आवर्तन ६० फ्रेमचं. एकोणीस शॉटपैकी सोळा शॉट ६० फ्रेमच्या पटीत तुटत होते. संगीत काढल्यावर आजी, बोळ, जिना, गाडी सगळं घड्याळाच्या काट्यासारखं सरकत होतं. आजीचा हात परातीतून पुरता वर यायच्या आत कट, कारण ठोका आला. दुसऱ्याचं संगीत काढून टाकलं तरी त्याचा साचा चित्रात तसाच उरला होता. त्यामुळे नुसतं नवं संगीत बसवून भागणार नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय : त्याच तुकड्याची परवानगी मागायची. अशा वेळी परवानग्या दोन लागतात. एक संगीतरचनेची आणि दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची, आणि दोन्हींचे मालक वेगळे असू शकतात. दिग्दर्शिकेनं दोन ईमेल पाठवले. उत्तराची वाट बघण्यात आम्ही चार दिवस घालवले. उत्तर आलं नाही.

दुसरा पर्याय : क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालचं, म्हणजे करणाऱ्यानं काही अटींवर सगळ्यांना वापरायला दिलेलं फुकट संगीत. ध्वनीवाल्या मुलीनं एक बरा तुकडा शोधलाही. पण त्याच्या परवान्यात "एनडी" होतं, म्हणजे मूळ कृतीत बदल करून ती वाटायला मनाई. मुलं म्हणाली, आम्ही कुठे बदल करतोय, आहे तसंच लावतोय. इथे बहुतेक जण फसतात. या परवान्यांच्या मजकुरात स्पष्ट लिहिलेलं असतं की संगीत हलत्या चित्राशी वेळ जुळवून लावलं, की ती नवी रूपांतरित कृती धरली जाते. त्यामुळे एनडी असलेलं संगीत चित्रपटाला लावता येत नाही. "एसए" असेल तर चित्रपटही त्याच अटींवर खुला करावा लागतो. नाव देऊन वापरा एवढीच अट असलेलं संगीत चाललं असतं. तसे सात-आठ तुकडे ऐकले. कुठल्याही शहरातल्या कुठल्याही सकाळीला लागू पडतील असे होते. दिग्दर्शिकेला त्यांत आपलं गाव दिसेना.

तिसरा पर्याय : संगीतवाल्या मुलानं नवं करायचं. त्यानं तीन रात्री जागून केलंही. तेच १०० ठोके, तसाच व्हायोलिनचा चढ, गाडीला तसाच कळस. त्याची मेहनत दिसत होती, पण ऐकताना मूळ तुकडाच आठवत होता. कट त्याच साच्यात असल्यावर त्या बिचाऱ्याला दुसरं काही सुचणार तरी कसं? मूळ चालीच्या इतकं जवळ जाणं हक्कांच्या दृष्टीनंही धोक्याचं होतं.

चौथा पर्याय त्या बैठकीपर्यंत कुणी मांडलाच नव्हता. मी सहज दिग्दर्शिकेला विचारलं, "तुझ्या घरात या वेळेला काय ऐकू येतं?" ती म्हणाली, "आजीच्या भाकरीचा आवाज. मी त्यावरच उठते." थोडं थांबून तिनं सांगितलं, "आणि आजी धवलारीण आहे. भाकरी करताना पुटपुटत असते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आगरी लग्नात विधी चालवणारी, विधीच्या टप्प्याटप्प्याला धवले गाणारी बाई म्हणजे धवलारीण. हे धवले पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आले आहेत. या मुलीनं घरात असा आवाज असताना महिनाभर परक्या व्हायोलिनवर कट मारले होते. यात तिचा दोष काढावा असं मला वाटत नाही. घरातला आवाज इतका रोजचा असतो की तो चित्रपटात जाऊ शकतो, हे कुणीतरी म्हणावं लागतं.

निर्णयाची जागा

चौथा पर्याय घ्यायचा तर लॉक झालेलं, म्हणजे आता बदलायचं नाही असं ठरलेलं संकलन उघडावं लागणार होतं. रंग करून झाले होते. संकलक आणि कॅमेरावाला दोघंही नाराज. "सुरुवात उघडली की सगळंच उघडावं लागेल," हे संकलकाचं म्हणणं अनुभवाचं होतं. दुसरीकडे संगीतवाल्या मुलाचं तीन रात्रींचं काम बाजूला पडणार होतं. तो काही बोलला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

आम्ही एक मर्यादा घातली. फक्त पहिल्या प्रसंगाचं संकलन उघडायचं, तेही एका दिवसासाठी. शॉट नवे घ्यायचे नाहीत, आहेत त्यांचीच लांबी बदलायची. शीर्षकानंतर एक फ्रेमही हलवायची नाही. आणि आधी आवाज रेकॉर्ड करायचे, मग कापायचं. एवढं ठरल्यावर संकलक तयार झाला.

आजीला विचारण्याचं काम नातीचं होतं. आजीनं पहिल्यांदा नकारच दिला. "हलद नाय, लगीन नाय, मंग धवला कनाला बोलाचा?" देवांना आवतण देणारा धवला विधीशिवाय म्हणायचा नाही, असं तिचं ठाम म्हणणं होतं. मुलांना नेमका तोच हवा होता, कारण सुरुवातीला आवाहन, हे कागदावर फार छान दिसत होतं. दिग्दर्शिका आजीची समजूत घालायला निघाली होती. मी तिला थांबवलं. आजीला जो म्हणावासा वाटेल तो घ्यायचा, आणि काहीच म्हणावंसं वाटलं नाही तर भाकरीवर भागवायचं, असं ठरलं. दोन दिवसांनी आजीनं आपणहून सांगितलं की हळदीच्या आधी घरातल्या बायकांत म्हणतात तो म्हणेन.

परवानगीचा कागद आम्ही मराठीत एका पानाचा केला : काय रेकॉर्ड करणार, कुठे वापरणार, कुठे दाखवणार. घरचीच आजी असताना कागद कशाला, असं मुलांना वाटलं. पण कायद्यानं सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क असतो आणि तो ५० वर्षं टिकतो. धवला परंपरेचा असला तरी हा गळा या बाईचा आहे. श्रेयनामावलीत नाव कसं लिहायचं ते विचारल्यावर आजीनं स्वतःच्या नावाआधी सासूचं नाव घालायला सांगितलं, कारण धवला तिच्याकडून आलेला. तसंच केलं.

प्रत्यक्ष काम

चार हजारांतले बाराशे हातात धरायच्या रेकॉर्डरच्या आणि त्याला वारा लागू नये म्हणून चढवायच्या केसाळ आवरणाच्या दोन दिवसांच्या भाड्यात गेले. सगळं ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर, म्हणजे चित्रपटाच्या ध्वनीसाठी नेहमी वापरतात त्या दर्जावर घेतलं.

पहिल्या दिवशी पहाटे पावणेपाचला ध्वनीवाली मुलगी आणि मी गच्चीवर होतो. त्याआधी तिनं पहाटेच्या पक्ष्यांची एक फाइल उतरवून लावली होती. ऐकायला गोड, पण फाइलच्या माहितीतच इंग्लंडमधलं जंगल लिहिलेलं. दुसऱ्या फाइलमध्ये कोकीळ होता. गोष्ट मार्गशीर्षातली. आपल्याकडे कोकीळ होळीच्या आसपास घसा मोकळा करतो. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण ज्यानं थंडीतली पहाट ऐकली आहे त्याला काहीतरी चुकल्यासारखं नक्की वाटेल. गच्चीवर आम्हाला कावळे मिळाले, मग साळुंक्या. खूप लांबून भारद्वाजाचा तो खोल, घुमणारा आवाज. आणि खाडीच्या बाजूनं एक सलग, जाड शांतता. तिच्यात मोठ्या रस्त्यावरचे ट्रक होते, पण मऊ झालेले. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो घ्यावेत असं मुलांना फार वाटत होतं, कारण खाडीचं अभयारण्य म्हटलं की तेच डोळ्यांसमोर येतात. पण त्यांचा आवाज बदकाच्या कलकलाटासारखा. चित्रात पक्षी दिसत नसताना तो नुसता गोंधळ वाटला असता. सोडून दिलं.

भाकरीचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी. स्वयंपाकघर आठ फूट बाय सहा. फ्रिजची घरघर थेट आत येत होती. फ्रिज बंद केला आणि स्कूटरची किल्ली त्यात ठेवली. जुन्या रेकॉर्डिस्टांची ही सवय आहे : किल्ली घ्यायला फ्रिज उघडावाच लागतो, त्यामुळे तो परत चालू करायचा विसरत नाही. गॅसची फुसफुस मात्र भाकरीच्या आवाजावर बसत होती. म्हणून थापणं गॅस बंद ठेवून घेतलं आणि तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज वेगळा. दोन्ही झाल्यावर सगळ्यांनी तोंड मिटून एक मिनिट नुसतं बसायचं, म्हणजे त्या खोलीचा रिकामा आवाज मिळतो. पुढे दोन तुकडे जोडताना तोच कामाला येतो.

तांदळाच्या उकडीची भाकरी परातीत थापताना काय ऐकू येतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. रेकॉर्डर परातीच्या काठापासून वीतभर, थोडा तिरका. सुरुवातीला गोळा जाड असतो, तेव्हा थाप बसकी, दमदार येते. मग आजी परातीत भाकरी फिरवते, तेव्हा एक घासल्याचा बारीक आवाज. पीठ पातळ होत जातं तशी खालची परात बोलायला लागते, थाप कोरडी होते आणि वेग वाढतो. आणि प्रत्येक थापेमागे काचेच्या बांगड्यांची किणकिण, थापेच्या किंचित नंतर. आम्ही मोजलं. एका भाकरीला ४६ थापा, साधारण २४ सेकंदांत. पहिल्या थापा सोळा-सतरा फ्रेमच्या अंतरानं, शेवटच्या नऊ-दहा फ्रेमच्या. म्हणजे पहिली लय टेम्प ट्रॅकच्या आसपासचीच. पण ही लय चढत जात होती, आणि चढण्यामागे कारण होतं : भाकरी तयार होत होती.

संकलक हेडफोन लावून हे ऐकत बसला आणि त्यानं स्वतःहून सांगितलं की बोळ आणि जिना या थापांवरच कापतो. आजीचा हात आधी पुरता दिसू द्यायचा, नंतर चित्र नायिकेबरोबर बाहेर पडतं पण थापा मागे चालूच राहतात, ती घरापासून लांब जाते तसा थापांचा वेग वाढतो. जिन्यावर तिची पावलं आणि थापा क्षणभर एकत्र येतात, आणि तव्याचा चर्र आवाज येतो तेव्हा ती फलाटावर असते. एकोणीस शॉटचे तेरा झाले. लांबी २ मिनिटं ४ सेकंद झाली, तरी प्रसंग आधीपेक्षा छोटा वाटत होता.

धवला शेवटी येणार होता, गाडी येण्याच्या जरा आधी. इथे संगीतवाल्या मुलाचं काम पुन्हा सुरू झालं. त्यानं आजीच्या आवाजाखाली कीबोर्डवरून सुरावट धरून बघितली. पहिली ओळ काळी एक या पट्टीला बरोबर बसली. चौथ्या ओळीपर्यंत आजी जवळजवळ अर्धा सूर वर गेली होती. तो म्हणाला, "मॅडम, सॉफ्टवेअरनं आजीचा सूर सरळ करू का?" केलंही एकदा. आवाज सुरात आला, पण आजी त्यात ओळखू येईना. बाई साथीशिवाय, चार जणींच्या मधे बसून गाते तेव्हा आवाज असा चढतोच. त्याखाली वाद्याचा अढळ षड्ज धरला की मग तो बेसूर ठरतो. चूक साथीची होती.

मग त्या मुलानं काय केलं, तर घरातला लोखंडी तवा दोरीला टांगून चमच्यानं वाजवला, आणि ते रेकॉर्डिंग चौपट हळू केलं. चौपट हळू म्हणजे सूर दोन सप्तकं खाली. चार सेकंदांची झंकार सोळा सेकंदांची झाली, घंटेसारखी पण जास्त खरखरीत. ती त्यानं आजीच्या पहिल्या सुराला न जुळवता शेवटच्या सुराला जुळवली आणि अगदी शेवटी, आजी त्या सुरावर पोचते तेव्हाच हळूच आत आणली. ऐकणाऱ्याला वाटतं की आजीचा आवाजच कुठेतरी टेकला. त्या वीस मिनिटांत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे.

गाडीचा आवाज चित्राच्या तीन सेकंद आधी सुरू केला. तो फलाटावरून घेतलेला नव्हता. गावठाणातल्या गच्चीवरूनच घेतलेला होता. आधी भोंगा, मग रुळांची घरघर, घरात बसून ऐकू येते तशी. गाडी दिसली की फलाटावरचा आवाज त्याची जागा घेतो.

निकाल

चित्रपट वेळेत गेला. हक्कांच्या कागदावर सही करताना दिग्दर्शिकेला एकही रकाना मोकळा सोडावा लागला नाही.

महोत्सवाच्या सभागृहात मात्र पहिली बारा सेकंदं वाया गेली. मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवण्याचं काम, मुलांनी घरी, रात्री एकला, हेडफोनवर केलं होतं. पूर्ण चित्रपटाची सरासरी उणे २३ एलयूएफएस ठेवली होती (कानाला आवाज किती मोठा वाटतो याचं हे माप; आकडा जितका खाली तितका आवाज बारीक), पण खाडीची पहाट उणे ३८च्या आसपास होती. घरात ती अंगावर काटा आणत होती. सभागृहात एसी, खुर्च्यांची करकर आणि उशिरा येणारे लोक यांच्याखाली ती पूर्ण बुडाली. भारद्वाज कुणालाही ऐकू आला नाही. पहिली थाप पडली तेव्हा कुठे हॉल गप्प झाला. त्या थापेपासून गाडी येईपर्यंत मात्र कुणी हललं नाही, हे मी मागच्या रांगेतून बघितलं.

दुसरी उणीव मोबाइलवर कळली. आजी सभागृहात आली नव्हती. तिला घरी फोनवर दाखवलं. फोनच्या इवल्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत, त्यामुळे तव्याची झंकार नाहीशीच झाली आणि आजीचा शेवटचा सूर अधांतरी लटकला. इंटरनेटवर टाकायच्या प्रतीसाठी मुलानं तोच तवा यावेळी दुपटीनंच हळू करून, म्हणजे एक सप्तक वर ठेवून, त्यावर बारीकसा थर दिला. आता तो फोनवरही लागतो.

पुन्हा करायचं झालं तर

टेम्प ट्रॅक लावायला मी बंदी घालणार नाही. संकलकाला अंधारात चाचपडायला काहीतरी लागतंच. पण आता मी पहिल्या कच्च्या जोडणीनंतर एक मुका खेळ ठेवते, आवाज पूर्ण बंद करून, आणि तोही महिनाभर ऐकून कान बसण्याआधी. या गटाला मी तो खेळ सतरा दिवस आधी करायला लावला. चित्रीकरणाच्या आठवड्यात करायला हवा होता, तेव्हा आजीच्या हाताचे लांब शॉटही घेता आले असते.

संगीतवाल्या मुलाला मी उशिरा विचारलं, ही माझी चूक. त्याला कापून झालेलं चित्र देण्याऐवजी पटकथा दिली असती तर त्या तीन रात्री वाचल्या असत्या. तवा त्याला तेव्हाही सापडला असता.

चार दिवस ईमेलच्या उत्तराची वाट बघायची गरज नव्हती. परवानगी मागतानाच दुसरा रस्ता समांतर सुरू करायला हवा होता. आणि मिक्सिंग ज्या खोलीत दाखवायचं तिथे, निदान तेवढ्या मोठ्या रिकाम्या वर्गात, पंखे चालू ठेवून एकदा ऐकायला हवं होतं. अर्ध्या तासाचं काम होतं.

आजीच्या नकाराच्या वेळी थांबलो, ते मात्र आजही तसंच करीन.

एक गोष्ट आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती. बोळ आणि जिना मिळून चित्र जरा लांब होत होतं, म्हणून संकलकानं मधल्या चौदा थापा उचलून पुन्हा एकदा जोडल्या होत्या. जोड इतका सफाईदार होता की मलाही कळला नाही. ४६च्या ६० थापा झाल्या, २४ सेकंदांची ३१. फोनवर सुरुवात बघून झाल्यावर आजीनं धवल्याबद्दल काहीच म्हटलं नाही. तिनं नातीला विचारलं, "ही भाकर कोनी थापली?" नात म्हणाली, तूच की आजी. आजीनं मान हलवली. "एवऱ्या थापा दिल्याव भाकर फाटंल ना गो."

त्या रात्री संकलकानं त्या चौदा थापा काढल्या. बोळाचा आणि जिन्याचा शॉट मिळून १७५ फ्रेम कमी झाल्या. इंटरनेटवर आहे ती प्रत १ मिनिट ५७ सेकंदांच्या सुरुवातीची आहे, आणि तिच्यात थापा ४६च आहेत.